दगडू वैद्याची पाटी

आमच्या भाऊजींइतका मेलेल्या माणसांचा मान ठेवणारा माणूस अख्ख्या पुण्यात दुसरा नसेल, आणि त्या मेलेल्यांतलं एकही माणूस कधी जन्माला आलेलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की आमच्या घरात काहीतरी भयंकर चालायचं. मला स्वतःला लग्नानंतर एक अख्खा दिवस तसंच वाटलं होतं. भाऊजी म्हणजे ह्यांचे मोठे भाऊ. लग्न केलेलं नाही, कसबा पेठेत खाली त्यांचं दारावरच्या पाट्या कोरायचं दुकान आणि वर दोन खोल्यांत आम्ही सगळे. मी नवी नवरी, चहा घेऊन खाली गेले, तर भाऊजी पितळेच्या बोटभर पट्टीवर नाव कोरत बसलेले आणि डोळे लाल. मी विचारलं, कुणाची पाटी? तर म्हणाले, "होता एक बिचारा. तीन वर्षं आमच्यात होता. काल गेला." मी डोक्यावर पदर घेऊन वर आले, शिरा करायला घेतला होता तो तसाच झाकून ठेवला, सुतकात गोड कसं करायचं म्हणून. संध्याकाळी हे कंपनीतून आले तेव्हा कळलं की गेलेला माणूस साडेतीन फुटाचा होता, कुऱ्हाड चालवायचा, आणि त्याला अजगरानं गिळलं होतं, भाऊजींच्या रविवारच्या खेळात.

तो खेळ म्हणजे नेमकं काय हे समजायला मला वर्ष लागलं, म्हणून जमेल तसं सांगते. पट नाही, सोंगट्या नाहीत, जिंकणं-हरणं नाही. टेबलाभोवती चौघं बसतात. भाऊजी गोष्ट सांगतात, डोंगरापलीकडच्या एका मुलखाची, तिथं राक्षस आहेत, जादूगार आहेत, बोलणारी झाडं आहेत, आणि बाकीच्या तिघांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं. त्या माणसाचा एक कागद असतो, नाव काय, ताकद किती, पिशवीत काय काय. समोर नदी आली की भाऊजी विचारणार, काय करता? आपण म्हणायचं, पोहते. मग वीस बाजूंचा एक फासा असतो तो टाकायचा, मोठा आकडा पडला तर पोहलात, लहान पडला तर गटांगळ्या. अशी ती एकच गोष्ट वर्षानुवर्षं चालते, दर रविवारी दुपारी दोन ते पाच, दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून. आणि कधीकधी त्यातलं माणूस मरतं. दुसरीकडे म्हणे माणूस मेलं की कागद फाडतात आणि तिथल्या तिथं नवीन लिहायला घेतात. भाऊजींसमोर कुणी कागद फाडायला घेतला असता तर त्यांनी त्याचा हात धरला असता.

कारण त्यांचा मूळ स्वभावच पाटीचा. एकदा कोरलं की पुसता येत नाही, म्हणून कोरायच्या आधी ते गिऱ्हाइकाला असं उलटसुलट विचारायचे की पोलिसांनी शिकावं. एकजण आला, नावापुढे 'डॉ.' हवं म्हणाला. भाऊजी म्हणाले, "कसले डॉक्टर?" तो म्हणाला, "पीएचडी. म्हणजे अजून व्हायचीय, पुढच्या वर्षी प्रबंध देणार आहे." भाऊजी म्हणाले, "मग जागा सोडून ठेवतो." ती पाटी अजून त्या दारावर आहे, नाव सगळं उजवीकडे सरकलेलं आणि डावीकडे दोन बोटं पितळ मोकळं. एका बाईंना 'सुस्वागतम्' हवं होतं. "येईल त्याला आत घेता का?" "ते कोण आलंय त्यावर." "मग तसंच कोरू? 'कोण आलंय त्यावर'?" त्या तरातरा निघून गेल्या आणि आठ दिवसांनी येऊन नुसतं आडनाव कोरून घेऊन गेल्या. रस्त्यानं चालताना भाऊजींच्या खिशात पॉलिशचा फडका असायचा. कुणाच्याही दाराशी थांबून पाटी पुसायचे. एकदा आतून दार उघडलं आणि एक आजोबा म्हणाले, "कोण हवंय?" भाऊजी म्हणाले, "कोणी नको. तुमचा 'र' काळा पडला होता." आजोबा म्हणाले, "मग 'ण'सुद्धा बघून घ्या," आणि दार लावून घेतलं.

तर मरण्याचे त्यांचे नियम. पहिला नियम, फुकट मरायचं नाही. गोष्टीतलं कुणी मरायला टेकलं की भाऊजी सांगणं थांबवायचे, चष्मा काढायचे आणि ज्याचं माणूस आहे त्याला विचारायचे, "जाता जाता काय करणार?" मग तो सांगेल ते शेवटचं एक काम घडायचंच, त्याला फासा टाकायचा नाही. दुसरा नियम, मागे राहिलेल्यांनी प्रत्येकी एक गोष्ट सांगायची, ह्याच्यामुळे आपल्याला काय मिळालं. आणि तिसरा, त्यातून एक वाक्य निवडून भाऊजी आठवडाभरात पितळी पट्टीवर नाव आणि ते वाक्य कोरायचे आणि पुढच्या रविवारी टेबलाच्या कडेला ठोकायचे. वाक्य खरं पाहिजे. 'शूर होता' वगैरे चालायचं नाही. "शूर सगळ्यांच्याच पाटीवर असतं. केलं काय ते सांगा." मी लग्न होऊन आले तेव्हा त्या टेबलाला चौदा पट्ट्या होत्या. मी रोज पुसायचे, पण काय लिहिलंय ते वाचायला भीती वाटायची.

समोरच्या बिल्डिंगमधल्या कुलकर्णी काकू, टेलिफोन खात्यातून रिटायर झालेल्या, ह्या खेळात सगळ्यात जुन्या. त्यांची एक तिरंदाज बाई होती, ती विहिरीचं पाणी न बघता प्यायली आणि विषानं मेली. काकू म्हणाल्या, "मेली तर मेली, दुसरी लिहू. आणा कागद." भाऊजींनी कागद दिला नाही. म्हणाले, "काकू, माणूस आहे, भाजी नाही, की ही किडकी निघाली, दुसरी द्या." दोन रविवार खेळ बंद. तिसऱ्या रविवारी भाऊजींनी गोष्ट पुढे नेली ती अशी की त्या विहिरीवर दुसऱ्या दिवशी अख्खं गाव पाणी भरायला येणार होतं, ही तिथं मरून पडलेली बघून लोक मागे फिरले, दोनशे माणसं वाचली, आणि त्या गावात आता पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी घरचा माणूस स्वतः एक घोट पितो. काकूंनी चष्मा पुसायला काढला आणि बराच वेळ पुसत बसल्या. ती पट्टी अजून आहे, 'ही आधी प्यायली म्हणून गाव वाचलं.'

एकदा भाऊजींनी शटरवर कागद लावला, 'सुतकामुळे दुकान बंद.' झालं, गल्लीतली माणसं एकेक करून वर यायला लागली, समोरच्या बाईंनी रीतीप्रमाणे पिठलं-भात पाठवला. मी दारात उभी, सगळ्यांना या, बसा म्हणत. एका काकांनी हळू आवाजात भाऊजींना विचारलं, "वय काय होतं?" भाऊजी म्हणाले, "चारशे बारा." ते काका अजिबात न गडबडता म्हणाले, "सोनं झालं म्हणायचं. आजारी होते का?" "नाही, बंद दरवाज्याला हात लावला." नंतर सगळ्यांना कळलं तेव्हा समोरच्या बाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत, जसं काही जादूगार मी मारला होता. मी भाऊजींना म्हटलं, लोक हसतात हो. ते म्हणाले, "हसू देत. खऱ्यात कोण विचारतं, मनीषा, जाता जाता काय करणार म्हणून? हॉस्पिटलात कागदावर सही घेतात आणि बाजूला व्हा म्हणतात. इथं आपल्या हातात आहे तर विचारू." एवढंच बोलले आणि पिठलं-भात खायला बसले, चांगला झाला होता.

आता माझं. मी घाबरट. लिफ्टला घाबरते, कुत्र्याला घाबरते, फोनवर अनोळखी आवाज आला की ठेवून देते, ओवी झोपेत हलली नाही तर तिच्या नाकाशी बोट धरून बघते आणि हलली तर का हलली म्हणून बघते. ओवी माझी मुलगी, तेव्हा आठ महिन्यांची. खेळातले एकजण नोकरीसाठी बंगळुरूला गेले, खुर्ची रिकामी झाली, आणि मी तिला कडेवर घेऊन चहाचे कप उचलत होते तर भाऊजी म्हणाले, "मनीषा, बस." मी म्हटलं, मला नाही जमायचं, माझी नववीतच शाळा सुटली. ते म्हणाले, "इथं मार्कशीट बघत नाहीत. नाव काय ठेवतेस?" मला काय सुचलं कुणास ठाऊक, म्हटलं, तुळसा. काय करते? म्हटलं, तलवार चालवते आणि कशालाच घाबरत नाही. काकू म्हणाल्या, "कशालाच नाही म्हणजे फार दिवस टिकत नाही ही."

पण टिकली. पाच महिने टिकली. मी काय सांगू तुम्हाला, आठवडाभर मी कुकरच्या शिट्टीला दचकायचे आणि रविवारी दोन वाजले की तुळसा दोन तोंडांच्या राक्षसाला म्हणायची, कुठल्या तोंडाशी बोलू. भाऊजी खूष व्हायचे. आणि त्यांनी माझ्यासाठी एक केलं जे कुणासाठी केलं नव्हतं. फासा टाकायचा तो टेबलाच्या मध्ये पितळी ताटलीत, सगळ्यांना दिसेल असा, हा नियम. पण ताटलीत खण्ण वाजायचं आणि मांडीवर झोपलेली ओवी दचकून उठायची. तर भाऊजी म्हणाले, "तू तिच्या दुपट्यावर टाक. तू सांगशील तो आकडा." काकू म्हणाल्या, "आणि आम्ही सांगितलेला?" भाऊजी म्हणाले, "तुमचा ताटलीत."

तिसरे होते शकीलभाई. पलीकडच्या गल्लीत त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, आजोबांपासूनचं. डोळ्याला लावायचं भिंग खेळतानासुद्धा कपाळावर तसंच. त्यांचा माणूस होता दगडू वैद्य, म्हातारा, लढाई-बिढाई येत नाही, गळ्यात औषधाची थैली, सगळ्यांच्या जखमा बांधायचा आणि बांधताना टोमणे मारायचा. चार वर्षं त्यांनी दगडूला सांभाळला होता. घरी भाजी आणायला विसरले तरी दगडूच्या थैलीत कुठली मुळी किती उरलीय ते तोंडपाठ.

आणि मग तो रविवार. दरीवर दोराचा पूल होता, मागे लांडगे, काकूंची बाई पलीकडे पोचली आणि पूल तुटला. एका दोराला तुळसा आणि दगडू दोघं लोंबकळत होते. भाऊजी म्हणाले, "दोर एकाचंच वजन पेलेल. दोघांनी टाका. लहान आकडा ज्याचा, तो पडला." शकीलभाईंनी ताटलीत टाकला. आठ. मी दुपट्यावर टाकला. ओवीच्या पायाशी घरंगळत गेला आणि थांबला. तीन. मी त्या तीनाकडे बघितलं, आणि मला दुसरं काही दिसेना, एवढंच वाटलं की उद्या सोमवार आणि आता तुळसा नाही. फासा मुठीत घेतला आणि म्हणाले, सतरा. इतका सरळ आवाज माझा लग्नात उखाणा घेतानासुद्धा आला नव्हता.

भाऊजींनी चष्मा काढला. "शकील, जाता जाता काय करणार?" शकीलभाईंनी भिंग कपाळावरून काढून टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "दगडू हात सोडायच्या आधी गळ्यातली थैली काढून तुळसाच्या गळ्यात घालतो." काकू म्हणाल्या, "तिला काय करायचीय औषधं? ती कुणाला बरं करत नाही, मारते." शकीलभाई म्हणाले, "ठेवू दे. घरी लहान लेकरू आहे, सारखा ताप येतो." काकू म्हणाल्या, "तुळसाला कुठंय लेकरू?" ते म्हणाले, "ह्या नाही त्या घरी असेलच की." आणि माझ्याकडे बघून हसले. मी ओवीच्या दुपट्याची घडी घालत राहिले. तीच घडी मी चारपाच वेळा घातली.

मग भाऊजींनी दुसरा नियम काढला. काकूंनी सांगितलं, दगडूनं त्यांचा मोडलेला हात बांधला होता. माझी पाळी आली तर मी म्हटलं, मला आत्ता सुचत नाही. भाऊजी म्हणाले, "बरोबर आहे. तुझ्यासमोर गेला. मग पाटीवरचं वाक्य तूच दे, तिथं तू होतीस. सावकाश दे." ते मला दुःख झालंय असं समजले. मला दुःखच झालं असतं तर किती बरं होतं.

तो आठवडा मी कसा काढला मला माहीत. सोमवारी ओवीला ताप आला, दात येताना येतो तसा, डॉक्टर म्हणाले काही नाही, पण मला वाटलं हे त्या खोट्या सतराचंच. शकीलभाई दुकान उघडायला जाताना रोज खालूनच विचारायचे, "वहिनी, उतरला का ताप?" मी गॅलरीतून मान हलवायचे आणि आत येऊन भिंतीला टेकून बसायचे. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "अगं, खेळ आहे तो," आणि झोपले, रात्रपाळी होती. तेवढंच मला म्हणता येईना. खेळ आहे तर तू तीन का नाही म्हणालीस? खाली भाऊजींनी पट्टी घासून ठेवली होती. वर 'दगडू वैद्य' कोरून झालं होतं, अक्षर असं सुरेख की खरा माणूस असता तर त्याच्या घरच्यांनी दाराला लावलं असतं, आणि खाली जागा मोकळी, माझ्या वाक्यासाठी. मी चहा न्यायचे, ते मान वर करून बघायचे, मी कप ठेवून पळायचे. गुरुवारी म्हणाले, "घाई नाही गं." शुक्रवारी मला राहवेना.

गेले तर दुकानात गिऱ्हाईक. नव्या बंगल्याच्या गृहस्थांना 'आई-वडिलांचे आशीर्वाद' अशी पाटी हवी होती आणि भाऊजी विचारत होते, "दोघांचे?" ते गृहस्थ म्हणाले, "वडिलांशी सध्या बोलणं नाही." भाऊजी म्हणाले, "मग 'आईचे' एवढंच कोरू." मी थांबायला हवं होतं, पण थांबले असते तर पुन्हा वर गेले असते. म्हटलं, "भाऊजी, तीन पडले होते."

गृहस्थ म्हणाले, "अरेरे. कुठनं पडले? लागलं का फार?"

भाऊजी माझ्याकडे बघत त्यांना म्हणाले, "तुम्ही चार वाजता या."

"आत्ता तर अकरा वाजलेत."

"तोवर वडिलांशी बोलून घ्या."

ते गेले. भाऊजींनी हातातली छिन्नी खाली ठेवली. "तीन." मी म्हटलं, हो. "शकीलला आठ होते." हो. "सतरा कुठून आणलेस?" मी म्हटलं, सुचले. त्यांनी ती पट्टी उचलली, उजेडात धरली, फडक्यानं पुसली, ती काही मळलेली नव्हती. मी म्हटलं, भाऊजी, रागवा हो. ते म्हणाले, "मी काय रागवू, माझं काय मेलंय? रागवायचं ते शकीलनं." मग म्हणाले, "दुपटं कशाला म्हणालो मी," आणि ते स्वतःशी होतं. मला वाटलं होतं ते ओरडतील नाहीतर हसतील. त्यांनी स्वतःचीच चूक काढायला घेतली ते बघून मला जमिनीत जावंसं वाटलं.

रविवारी दोन वाजता मी उभ्यानंच सांगितलं, ओवीला घट्ट धरून, म्हणजे मला कुणी मारणार नाही. काकू पहिल्यांदा बोलल्या. "मी इतकी वर्षं नियमानं मरतेय. सहा वेळा मेले. बुडून मेले, भाजून मेले, एकदा तर नुसती घसरून मेले, आणि हिला पाच महिन्यांत मरवेना." त्यांचं बरोबर होतं. भाऊजींनी खाकरून, जड जिभेनं म्हटलं, "शकील, दगडूला वर आणता येईल. हक्क आहे तुझा." भाऊजींच्या तोंडून हे म्हणजे देवानं स्वतः प्रसाद परत मागण्यासारखं होतं. मेलेलं माणूस परत आणायचं नाही, मग मरण्याला किंमत ती काय, असं तेच सांगायचे. शकीलभाईंनी हातातल्या घड्याळाचं झाकण लावलं. म्हणाले, "वर आणून काय करू? चांगला गेलाय तो. मी घरी सांगून टाकलं, बायको रडली. आता परत आला म्हणून सांगू तर म्हणेल, चार दिवस कुठं होता." मग माझ्याकडे वळले. "आणि वहिनी, दिलेली थैली काय परत मागू? फक्त एक करा. वाक्य द्या. खरं असेल ते."

मी म्हटलं, "तुळसा घाबरली म्हणून पडला. जाताना औषध तिलाच देऊन गेला." भाऊजी म्हणाले, "पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं. एकदा कोरलं की पुसता येत नाही हे मला माहीत होतं, त्यांनाही होतं. त्यांनी तिथंच बसून कोरायला घेतलं, हातोडीच्या आवाजानं ओवी उठली, रडायला लागली, काकूंनी न बोलता तिला माझ्याकडून घेतलं आणि अर्ध्या शटरखालून वाकून गल्लीत फिरवायला नेलं. पट्टी ठोकली ती बरोबर माझ्या खुर्चीसमोर. टेबलावर हात ठेवला की मनगट तिच्यावर यायचं.

तुळसाला त्यांनी मारली नाही, शिक्षाही केली नाही. पण पुढच्या प्रत्येक गावात कुणी ना कुणी तिला थैलीबद्दल विचारायचं. कधी सराईवाला विचारायचा, कधी शेळ्या वळणारी म्हातारी, भाऊजी त्यांच्या त्यांच्या आवाजात बोलायचे, आणि मी सांगायचे, दगडू म्हणून वैद्य होता, मी घाबरले. पहिल्या गावात मी ते फासा मुठीत आवळून, अडखळत एकदाचं सांगितलं. भाऊजींनी घाई केली नाही. ती शेळ्यांची म्हातारी म्हणाली, "बरं, मग?" एवढंच. घाबरले म्हटल्यावर 'मग?' असं कुणी विचारतं हे मला नवीन होतं. माहेरी घाबरले म्हटलं की गप्प बस म्हणायचे. मी म्हटलं, मग मी मुळ्या ओळखायला शिकतेय. शकीलभाई लगेच म्हणाले, "चुकीच्या शिकतेस. ती निळी पोटाला नाही, डोळ्याला." दगडू गेल्यावर त्यांनी नवीन माणूस घेतला होता, एक चोर, पण मुळ्यांच्या बाबतीत तो चोर फारच हुशार होता आणि भाऊजींनी त्याबद्दल कधी काही विचारलं नाही.

चार महिन्यांपूर्वी आम्ही विश्रांतवाडीला आलो. ह्यांची कंपनीची बस इथून सुटते, जागाही मोठी आहे. भाऊजी सामान पोचवायला आले, ओवीला म्हणाले, "दुपटं लहान झालं की तुला," आणि बसनं परत गेले. पहिल्या महिन्यात मी एकदा गेले रविवारची. नंतर नाही. दोन बस बदलाव्या लागतात, ओवीला ताप असतो, हे सगळं खरं आहे, पण ते अर्धंच खरं आहे. इथं मला कुणी ओळखत नाही, इथं माझ्या नावावर काही कोरलेलं नाही, आणि एकदा गेलं नाही की दुसऱ्यांदा न जाणं सोपं जातं, हे मला लाजत लाजतच सांगावं लागतंय. भाऊजी फोन करतात, ओवीचं विचारतात, ह्यांच्या ड्यूटीचं विचारतात, खेळाचं एक अक्षर काढत नाहीत. ते 'ये' म्हणतील म्हणून मी वाट बघायचे आणि त्यांनी म्हटलं नाही की मला सुटल्यासारखं वाटायचं.

परवा काकूंचा फोन आला. अनोळखी नंबर म्हणून मी आधी ठेवूनच दिला, त्यांनी पुन्हा केला. म्हणाल्या, "मनीषा, तुझ्या भाऊजींना वेड लागलंय. तीन महिने झाले, आम्ही एका नदीच्या काठावर बसलोय. नावेत चढायला गेलं की म्हणतात पूर आहे, नावाडी नाही म्हणतो. मी म्हटलं, पोहते. तर म्हणे मगरी आहेत. शकील म्हणाला, पूल बांधू. तर म्हणे लाकूड ओलं आहे. जगात कुठल्या नदीला तीन महिने पूर असतो गं? मी टेलिफोन खात्यात होते तरी इतकं ताटकळत कुणाला ठेवलं नाही." मी विचारलं, आणि तुळसा कुठंय? काकू म्हणाल्या, "ती पुढे चालत होती ना तू शेवटची आलीस तेव्हा. ती पलीकडे आहे म्हणे. एकटी. दर रविवारी सुरुवातीला तुझे भाऊजी तेवढं सांगतात, पलीकडे शेकोटी दिसतेय, आणि मग गप्प." मी ओवीला कडेवर घेतलं. मग म्हणाल्या, "आम्हाला काय, आम्ही भाकरी खात बसू. तुझी तुला भीती वाटत असेल तर वाटू दे. पण बाई, पाणी उतरायचं कुणासाठी थांबलंय ते तरी बघ."

आज रविवार. मी ओवीचा डबा भरून ठेवलाय, पाण्याची बाटली, एक जादा झबलं. हे म्हणाले, येतो सोडायला. मी म्हटलं, नको, दोनच तर बस आहेत. छातीत धडधडतंय ते धडधडतंयच, ते काही तिथं जाऊन थांबणार नाही, ती पट्टी आहे तिथंच आहे. पण तिकडे एक माणूस चष्मा पुसत, अर्ध्या शटरखालून गल्लीकडे बघत, दोन वाजायची वाट बघत नदी अडवून बसलाय, आणि मी गेल्याशिवाय ती काही उतरणार नाही.